किटली लावली की ऑर्गन उतरतं

४ मार्च

मावशी,

नमस्कार आणि भांडण, दोन्ही एकाच पाकिटात पाठवते आहे.

तुझं ऑर्गन आलं. टेम्पोतून उतरवायला चार जण लागले, आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली, आणि आमच्या ड्रमवाल्याचा, म्हणजे धडामचा, अंगठा आता जांभळा झाला आहे. तू लिहिलं होतंस, "दोन माणसांत उचलतं." ती दोन माणसं कोण होती, मावशी? त्यांचा एखादा फोटो आहे का? आम्हाला दर्शन घ्यायचं आहे.

ते आत नेऊन घाम पुसतोय तोवर मागून दुसरा खोका उतरला, आवाज घुमवणाऱ्या फिरत्या भोंग्याचा. कपाटाएवढा. आई दारात उभी होती. म्हणाली, "हिने वाद्य पाठवलंय की बिऱ्हाड?"

तुझी अट सगळ्यांना वाचून दाखवली. नव्या घरात तुझी एकच खोली, तिथे ऑर्गन मावत नाही, हे समजलं. पण पुढचं वाक्य म्हणजे कोर्टाचा हुकूम! "बारा एप्रिलला नदीकाठच्या मैदानावर, लोकांसमोर, पूर्ण कार्यक्रमभर वाजलं तर ऑर्गन तुझं. नाही तर सुतार घेऊन जाईल." हा सुतार तोच ना, ज्याला ऑर्गनचं पोट रिकामं करून आत बाटल्या आणि ग्लास मांडायचे आहेत? त्याचा मला फोन आला होता. आवाजात नुसतं लोणी. "ताई, काही घाई नाही. तेराला सकाळी येतो."

आणि हल्ली तू पत्रं टाइप का करतेस? पाकीट उघडलं की पाणीपट्टी थकल्याची नोटीस आल्यासारखं वाटतं. तू फोन घेत नाहीस ते ठीक, फोनवर माणूस पटकन खोटं बोलतं हे तुझं मत मला पाठ आहे. पण निदान अक्षर तरी तुझं असू दे.

आता मुद्दा. बटण लावलं, तर आत काहीतरी कण्हतं आणि गप्प बसतं. एकही पट्टी वाजत नाही. मेलंय का गं ते?

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

मेलं नाही. तू त्याला जागंच केलं नाहीस. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर दिवा मारून "बोल" म्हणणाऱ्यांची तुमची पिढी.

त्याला दोन बटणं आहेत. डोळे असतील तर दिसतील. डावीकडचं दाबून धर. आत मोटर वेग घेऊ लागेल, लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज चढत जाईल. तो एका जागी स्थिरावला की डावं न सोडता उजवं लाव. थोडा वेळ दोन्ही राहू देत. मग डावं सोड. घाई केलीस तर ते कण्हणार आणि त्याचा तो हक्क आहे.

आता ऐक, कारण हे एकदाच सांगणार आहे. (तुझी आई म्हणेल, हे ती गेली चाळीस वर्षं एकदाच सांगते आहे.) या पेटीच्या पोटात एक लांब दांडा आहे. त्यावर दातेरी चकत्या फिरतात. जितके दात, जितका वेग, तसा स्वर. चकत्या फिरवते मोटर, आणि मोटर चालते विजेच्या ठोक्यावर, सेकंदाला पन्नास. विजेचा ठोका ठरलेला, म्हणून मोटरचा वेग ठरलेला, म्हणून स्वर ठरलेले. समजलं? ऑर्गनला सूर लावायचा नसतो. ऑर्गन बेसूर होत नाही. तारा सैल पडतात, कातडी ओलावतात, गळे बसतात. ऑर्गन जागचं हलत नाही. बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

मी स्केटिंगच्या हॉलमध्ये उभा जन्म काढला. चाकाच्या बुटांवर पाचपन्नास माणसं गोल फिरायची आणि मी मधल्या चौथऱ्यावर बसून वाजवायचे. मी लय वाढवली की ती पळायची, मी थांबले की कठड्याला धरून उभी राहायची. मालकाने एकदा भांडण काढलं तेव्हा मी इतकी जलद चाल धरली की तो स्वतः दोनदा आपटला. मी कधी कुणासाठी सूर बदलला नाही.

बाकाची फळी उचल. खाली तेलाची डबी आहे. पेटीत वरच्या बाजूला दोन नरसाळी दिसतील, त्यांत थोडं थोडं ओत. शिवणयंत्राचं तेल ओतलंस तर मला मावशी म्हणू नकोस.

टाइप करते कारण माझं अक्षर तुझ्या आईला कधीच लागलं नाही आणि तुलाही लागणार नाही.

मावशी


१४ मार्च

मावशी,

वाजलं!

डावं धरलं, सुस्कारा ऐकला, उजवं लावलं, श्वास रोखला, डावं सोडलं आणि एका पट्टीवर बोट ठेवलं. आधी एक बारीक "टक्", आणि मग तो आवाज. जाड, उबदार, थोडासा खरखरीत, गरम खोलीत शिरल्यासारखा. धडाम त्याचा अंगठा विसरला. मी वरचे छोटे दांडे एकेक ओढत गेले, आवाज भरत गेला. मग फिरत्या भोंग्याचा खोका लावला तर आत नुसती घरघर. मागची फळी काढली. पट्टा वाळून बिस्किटासारखा झाला होता, हात लावताच तुकडे पडले. नवा पट्टा बसवला आणि भोंगा फिरायला लागला. हळू वेगावर ठेवला की खोली डुलते. जलद केला की अंगावर काटा येतो.

आमचा ट्रम्पेटवाला, ज्याचे गाल फुगतात म्हणून ज्याला फुगा म्हणतात, तो नाक मुरडत आला होता. त्याने एक स्वर लावला, मी तोच दाबला. दोन्ही इतके चिकटले की मधून सुरी जाणार नाही. फुगा म्हणाला, "बाई, हे तर माझ्यापेक्षा सरळ आहे." तुला कळवायला सांगितलंय.

आता खरं मागणं. शेवटचं गाणं तू वाजव. मी बाकावरून उठेन, तू बसशील. फक्त एक गाणं. लोकांना कळू दे ऑर्गन कुणाचं आहे. हो म्हण. नाही म्हणायचं असेल तर निदान टाइप करू नकोस, कारण टाइप केलेलं "नाही" फार वाईट दिसतं.

भिंगरी

ता. क. डबीतलंच तेल ओतलं. मावशी म्हणायला हरकत नसावी.


१८ मार्च

भिंगरे,

नाही.

पाहुणी म्हणून मी ऑर्गनवर बसत नाही. पूर्ण रात्र वाजवणाऱ्या बाईने एक गाणं वाजवून हारतुरे घ्यायचे, हे निवृत्त पुढाऱ्यांचं काम. मला मैदानावर बोलवायचंच असेल तर मागच्या रांगेत एक खुर्ची ठेव. तीही नको, मी येणारच नाही. उघड्यावर डास असतात.

कामाचं ऐक. खोक्याला वर दोन माइक लाव, समोरासमोर, आणि खाली एक. वरचे अगदी जवळ नेऊ नकोस. भोंगा फिरताना स्वतःच वारा करतो, तो माइकमध्ये फडफडतो आणि लोकांना वाटतं कोंबडी सुटली. ऑर्गन आणि खोका जोडणारी जाड केबल पायात येईल अशी टाकू नकोस. तिची टोकं आता मिळत नाहीत.

फुग्याला म्हणावं, दाद मिळाली. उशिरा का होईना, खरं बोलला.

मावशी


२६ मार्च

मावशी,

डास असतात म्हणे! उभा जन्म धुरकट हॉलमध्ये काढलेली बाई डासांना भ्याली. राहू दे, शिष्टपणा तुला शोभतो. मी रुसले आहे, पण रुसायला वेळ नाही, कारण घोळ झाला आहे.

काल मैदानावर पहिली तालीम झाली. ऑर्गन नेलं, म्हणजे आम्ही पाच जण आणि एक शेजारी. माइक तू सांगितलेस तसे. कोंबडी सुटली नाही. सगळं नीट लागलं, मी पहिला स्वर धरला, फुग्याने वर ट्रम्पेट लावलं, आणि मावशी, दातात खडा आला. ऑर्गन खाली, ट्रम्पेट वर. फुगा म्हणाला, "बाई, तुमचं उतरलंय." मी म्हटलं, ऑर्गन उतरत नाही. तो म्हणाला, "मग मैदान चढलं असेल."

गिटारवाल्याने निमूट तारा सैल केल्या. दोन गाणी बरी गेली. तिसऱ्यात ऑर्गन आणखी खाली. नंतर परत जरा वर. गाणारी मधेच थांबली आणि म्हणाली, "मी कुणाच्या मागे जाऊ ते आधी ठरवा."

हे सगळं व्यवस्थापक बाईंनी ऐकलं. कार्यक्रम त्यांचा, मैदान त्यांचं. त्या ओरडत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाल्या, "पुढच्या तालमीला हे सुरात नसेल तर मंचावर येणार नाही."

मंचावर आलं नाही तर तेराला सकाळी सुतार येणार. मावशी, काय बिघडलं असेल? चकत्या? मोटर? तेल कमी पडलं?

भिंगरी


३० मार्च

भिंगरे,

काहीही बिघडलेलं नाही. तुझा फुगा बिघडला आहे.

उघडं मैदान, दुपारचं ऊन, हातात पितळ. ऊन लागलं की ट्रम्पेट चढतं, हे कुठल्याही बँडवाल्याला विचार. ऑर्गन होतं तिथेच आहे, पितळ वर गेलं आणि तुम्ही सगळे त्याच्यामागे शिडी लावून गेलात. गिटारवाल्याने तारा सैल केल्या म्हणजे उलट ऑर्गनचंच ऐकलं, तो शहाणा. ट्रम्पेटला सावलीत ठेव, ओल्या फडक्यात गुंडाळ. तेल पुन्हा ओत, तुझ्या समाधानासाठी.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या आईचं काल पत्र आलं. तिने सहज लिहिलंय की घरी "एक पातळसा इलेक्ट्रॉनिक की-बोर्डही आणून ठेवलाय, अडीअडचणीला." ही गोष्ट तुझ्या तिन्ही पत्रांत नव्हती. का नव्हती?

मला त्या फळीचा राग नाही. फळी बिचारी काय करील? राग आहे तो "अडीअडचणीला" या शब्दाचा. त्या फळीत माझ्याच ऑर्गनचा आवाज चोरून भरलेला असतो. कुणीतरी एकदा एक खरं ऑर्गन लावलं, त्याचा एकेक स्वर पकडला, डब्यात घातला, आणि आता तुम्ही बोट ठेवलं की डबा उघडतो. त्याला तेल नको, पट्टा नको, चार माणसं नकोत. ज्याला उचलायला कुणाला हाक मारावी लागत नाही ते सोयीचं असतं, कबूल. पण सोय हा संगीताचा गुण आहे असं मला आजवर कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. माणसं सोयीपुढे मान तुकवतात, मग सवयीने तुकवतात, आणि शेवटी मान वर करायचीच विसरतात. मी वादकांच्या सभांमधून हेच बोलत आले आणि आता सख्ख्या भाचीला टाइप करून सांगावं लागतंय!

फडकं ओलं कर. फळी गुंडाळून ठेव.

मावशी


४ एप्रिल

मावशी,

तुझं भाषण मंडळींना वाचून दाखवलं. धडामने टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, "पण फळी खरंच परत करायची का?"

फळीचं मी लपवलं, हे खरं. तुला वाईट वाटेल म्हणून. तुला वाईटच वाटलं, म्हणजे लपवून काहीच मिळवलं नाही.

आता काल काय झालं ते ऐक, आणि खाली बसून ऐक.

तू सांगितलंस ते सगळं केलं. तेल ओतलं. फुग्याने ट्रम्पेट ओल्या फडक्यात गुंडाळून झाडाखाली मांडीवर घेतलं होतं, ताप आलेल्या बाळासारखं. तरी ऑर्गन खालीच. सगळे वैतागले, धडाम म्हणाला चहा करू. त्याची विजेची किटली असते ना, ती त्याने मंचावरच्याच बोर्डाला लावली. मी आपली उगाच एक स्वर धरून बसले होते. आणि मावशी, किटली लागली तसा तो स्वर माझ्या बोटाखालून खाली गेला. लिफ्ट उतरावी तसा. मी बोट हलवलं नव्हतं! पाणी उकळलं, किटली "खट्" करून बंद झाली, आणि स्वर आपसूक वर आला.

धडामने परत किटली लावली. स्वर खाली. बंद केली, वर. फुगा ट्रम्पेट टाकून पळत आला, म्हणाला, "मला लावू दे, मला लावू दे!" पुढची पंधरा मिनिटं तो किटलीच वाजवत होता. चहा कुणी प्यायला नाही.

मग मी तुझं नऊ मार्चचं पत्र काढलं. "विजेचा ठोका ठरलेला, म्हणून मोटरचा वेग ठरलेला, म्हणून स्वर ठरलेले." मावशी, मैदानावर विजेची तारच नाही. मंचामागे डिझेलचा जनरेटर आहे. तिथे ठोका इंजिन ठरवतं, आणि इंजिनावर ओझं पडलं की ते दमतं. तुझं ऑर्गन आज्ञाधारक आहे गं. इंजिन दमलं की तेही दमतं. तुझ्या हॉलमध्ये वीज भिंतीतून यायची, म्हणून ते कधी हललं नाही.

एका किटलीने ही गत. कार्यक्रमाला मंचावर मोठाले दिवे असतील, गाण्यागणिक लागणार, विझणार. दिवे लावून पाहिले. जवळजवळ अर्ध्या सुराने खाली येतं. दुसरा जनरेटर मागितला, तर व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "एकच आहे. तुमची तत्त्वं मला आवडतात, पण मला मैदानावर गाणी हवी आहेत. काय ते दोन-तीन दिवसांत सांगा."

मला काही सुचत नाहीये. फळीवर कार्यक्रम होईल. चांगलाही होईल. पण सुताराचा पुन्हा फोन आला होता, "ताई, आतली ती चक्रं भंगारात घातली तर चालतील ना?" मी फोन ठेवला आणि ऑर्गनपाशी जाऊन नुसती बसले.

भिंगरी


६ एप्रिल

भिंगरे,

मी चुकले.

एवढं टाइप करायला मला अख्खी दुपार लागली. यंत्र वारंवार अडत होतं, अडवत मीच होते.

फुग्याला सांग, मावशीने माफी मागितली आहे. बाळाला फडक्यातून काढ म्हणावं.

ऑर्गन कुणासाठी हलत नाही, हे मी इतकी वर्षं सांगत आले आणि ते सारा वेळ भिंतीतल्या तारेवर विसंबून होतं. माझा ताठा म्हणजे वीज कंपनीचा ताठा! काल रात्री एकटीच हसले. मग हसू थांबलं आणि विचार करायला लागले.

इंजिन दमतं, म्हणतेस. पण इंजिनाला वेग कमीजास्त करणारा दांडा असतो. दिवे लागले की थोडा पुढे, विझले की थोडा मागे. ज्याला वेग आहे त्याला सूर आहे, आणि ज्याला सूर आहे त्याच्यापाशी कान असलेलं माणूस बसवता येतं. जनरेटरवाल्याला सगळ्या मैदानाच्या तारा बघायच्या असतील, तो गाणंभर एका जागी बसणार नाही. मी बसेन.

दचकू नकोस. मला कानावर लावायचे ते मोठे भोंगे दे, लांब वायरीचे. एका कानात ऑर्गन, दुसऱ्या कानात बाकीचे सगळे. दोन्ही कान भांडायला लागले की मी दांडा हलवीन. दिवे कधी लागणार आणि कधी विझणार ते गाण्यावार लिहून दे, म्हणजे ओझं पडायच्या आधीच मी तयार असेन.

आता तू विचारशील, इथे येऊन धुरात बसायला तयार आहेस, तर ऑर्गनवर बसायला का नव्हतीस? म्हणून आधीच सांगते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मागच्या हिवाळ्यापासून वळत नाहीत. डॉक्टर म्हणतो आता वळायची नाहीत. लेखणी धरता येत नाही, डाव्या हाताने एकेक अक्षर ठोकते. लोकांसमोर बसून तीन बोटांचं गाणं वाजवण्यापेक्षा डासांचं कारण बरं वाटलं. ऑर्गन घरातून घालवलं तेही याच्यासाठीच. खोली लहान आहे हे खरं, पण ते समोर नुसतं उभं असलेलं मला बघवेना. आणि कुणी वाजवणार नसेल तर ते लाकूड झालेलं बरं, असं रागात ठरवलं होतं.

दांडा ढकलायला बोटं लागत नाहीत. मनगट पुरतं. कान शाबूत आहेत.

तुझ्या आईला बोटांचं सांगू नकोस. ती लगेच काढे पाठवेल.

मावशी


८ एप्रिल

मावशी,

पत्र दोनदा वाचलं. बोटांबद्दल काही लिहीत नाही, भेटल्यावर भांडेन. पाणीपट्टीच्या नोटिशीचा विनोद मात्र परत घेते.

व्यवस्थापक बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमची मावशी जनरेटर वाजवणार?" मी म्हटलं, हो. त्या पहिल्यांदाच हसल्या. अट एकच, फळी माझ्या उजव्या हाताशी उभी राहील. पहिल्या दोन गाण्यांत सूर हलला तर तिसरं फळीवर.

वायर मिळाली. जनरेटरवाला दांडा दाखवायला तयार आहे, फक्त त्याला वाटतं आपण त्याची चेष्टा करतोय. खुर्ची आहे, उशी आहे, दिव्यांची यादी सोबत जोडली आहे. डासांसाठी मलमही घेतलंय. उगाच सबब राहायला नको.

ये.

भिंगरी


१४ एप्रिल

मावशी,

तू आईबरोबर निघून गेलीस आणि मी मंचावर तारा गुंडाळत राहिले. बोलणं झालंच नाही. फोन तू घेणार नाहीस. म्हणून हे.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा माझे हात पट्ट्यांवर होते. डोळे फळीवर. सुतार पहिल्या रांगेत बसला होता, खिशातून मोजमापाची पट्टी बाहेर डोकावत होती. सगळे दिवे एकदम लागले. मी वाट पाहिली, आता उतरणार. किंचित, अगदी केसाएवढं खाली वळलं, जसं कुणी खुर्चीत नीट बसतं, आणि परत जागेवर आलं. फुग्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दुसऱ्या गाण्याला तर तेवढंही नाही. तिसऱ्याला बाईंनी विंगेतूनच फळीकडे बोट दाखवलं आणि मदतनिसाने ती उचलून नेली. मावशी, इतक्या हलक्या वस्तूला जाताना पाहून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

चौथ्यानंतर मी विसरले. जनरेटर, दांडा, सुतार, सगळं. भोंगा फिरत होता, नदीवरून वारा येत होता आणि लोक उभे राहिले होते. मधल्या गाण्यात दिवेवाल्याने यादीत नसलेले दिवे लावले, आठवतंय? खाली गेलो आपण. गाणारी बरोबर तेवढीच खाली आली, फुगाही आला, आणि मग तू सगळ्यांना हळूहळू वर घेऊन गेलीस. नंतर एक म्हातारे गृहस्थ येऊन म्हणाले, ती जागा फार सुंदर बसवली होती. मी "धन्यवाद" म्हटलं. काय सांगणार?

सुतार शेवटी येऊन उभा राहिला. ऑर्गनवर हात फिरवला. "ताई, लाकूड एक नंबर आहे," म्हणाला, "पण आता याच्यात करवत घालायची हिंमत होणार नाही." मग पट्टी खिशात खोल सारून गेला.

एक गोष्ट मात्र मला टोचते आहे. शेवटच्या गाण्यात मी सगळ्यांची ओळख करून दिली. धडाम, फुगा, गिटारवाला, गाणारी. आणि मग म्हटलं, "आणि मंचामागे, जिच्या ऑर्गनवर मी वाजवते आहे आणि जिच्यामुळे ते सुरात आहे, ती माझी मावशी." लोकांनी किती टाळ्या वाजवल्या! मी मंचाच्या कडेकडे बघत राहिले. वाटलं, आता येशील. टाळ्या संपत आल्या तरी तू आली नाहीस. मी मान वळवून हाकही मारली.

तुझ्या कानात सगळं ऐकू येत होतं, मला माहीत आहे. हा शिष्टपणा शेवटचा म्हणून माफ करू, की अजून काही लपवते आहेस? डास तर नव्हते.

भिंगरी


१७ एप्रिल

भिंगरे,

अंगाला अजून डिझेलचा वास येतो. शेजारीण विचारत होती, ट्रक घेतला का म्हणून. टाळ्या तुझ्या वाट्याला आल्या, धूर माझ्या. विभागणी मान्य आहे.

ऑर्गन तुझं. वर्षातून एकदा तेल, दोन वर्षांतून एकदा पट्टा, आणि रोज हात. याला अट म्हणू नकोस, हे नुसतं सांगणं आहे.

दिवेवाल्याचं नाव मला कळवू नकोस, नाहीतर मी त्याला पत्र लिहीन. त्या गाण्यात तुम्ही सगळे निमूट माझ्याबरोबर खाली आलात आणि निमूट वर आलात. त्या चौथऱ्यावर बसून मी माणसं पळवली, पण अशी सोबत मला कुणी केली नव्हती. बहुधा मी कधी मागितलीच नाही. असो. हे वाक्य तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस.

आता तुझं टोचणं. माझं नाव ऐकलं. टाळ्याही ऐकल्या, दोन्ही कानांत. हाकही ऐकली. खुर्चीतून निम्मी उठलेही होते. जनरेटरवाला म्हणाला, "जा की बाई, बोलावतायत."

पण तू माझं नाव घेतलंस आणि त्या शहाण्या दिवेवाल्याने मैदानावरचे होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावले. इंजिन धापा टाकायला लागलं. आणि तू, वेडे, बोलता बोलता डाव्या हाताने तो लांब स्वर धरूनच ठेवला होतास. मी दांडा सोडून वाकून नमस्कार करायला आले असते, तर लोकांच्या देखत तू अर्ध्या सुराने खाली आली असतीस.

म्हणून बसून राहिले.

मावशी